डोसाचे गणित कसे मांडावे: औषधाचे वितरण, निचरा आणि अर्धायुष्य

फार्मसीच्या किंवा नर्सिंगच्या विद्यार्थ्याला एखाद्या औषधाविषयी एकच आकडा लक्षात ठेवायला सांगितला, तर तो बहुधा हाफ-लाइफ, म्हणजे अर्धायुष्य (रक्तातील औषधाची पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ), निवडतो. हृदयाच्या आजारावरील डिगॉक्सिनचे दीड दिवस, पॅरासिटामॉलचे दोन-अडीच तास, असे म्हटले की औषध ओळखीचे झाल्यासारखे वाटते. पण अर्धायुष्य हा मूळ आकडा नव्हे. औषध शरीरात कुठवर पसरते आणि शरीर त्याचा निचरा किती वेगाने करते, या दोन स्वतंत्र गोष्टींतून तो निघतो. त्या दोहोंपैकी कोणती बदलली हे न पाहता अर्धायुष्यावरून डोस ठरवू लागलो, की चूक नेमकी कुठे झाली हेही सापडत नाही. म्हणून येथे क्रम असा ठेवला आहे: आधी वितरण, मग निचरा, त्यानंतर अर्धायुष्य, आणि मग एका काल्पनिक रुग्णावर डिगॉक्सिनचे संपूर्ण गणित. कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर एवढे साहित्य पुरते. हे गणित समजून घेण्यासाठी आहे. घरच्या घरी कोणाची गोळी कमी-जास्त करण्यासाठी नाही. तो निर्णय रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच असतो.

औषध कुठवर पसरले ते आधी पाहावे

तीन लिटर रश्श्यात तीस ग्रॅम मीठ टाकले, तर दर लिटरला दहा ग्रॅम मीठ मिळायला हवे. आता त्यात बटाट्याच्या भरपूर फोडी टाकून उकळी आणली आणि नंतर नुसता रस्सा तपासला, तर त्यात लिटरला सहाच ग्रॅम मीठ सापडेल, कारण उरलेले बटाट्याने ओढून घेतले. ज्याला फोडी दिसतच नाहीत असा माणूस तीस भागिले सहा करील आणि ठामपणे सांगेल की पातेल्यात पाच लिटर रस्सा आहे. औषधाच्या बाबतीत आपण हाच माणूस असतो. आपल्याला फक्त रक्त काढून तपासता येते. स्नायू, चरबी, यकृत आणि हृदयाचा स्नायू यांनी किती औषध ओढून घेतले ते दिसत नाही. शरीरातील एकूण औषधाला रक्तद्रवातील पातळीने भागून जे लिटर येतात, त्यांना वितरणाचे आकारमान म्हणतात, आणि बोलताना सर्वजण 'व्हीडी' म्हणतात. हे लिटर खरे नसतात, हिशेबाचे असतात. परंतु हिशेबाला ते पूर्ण उपयोगी पडतात.

या आकड्याचा अर्थ लावायला तीन खुणा जवळ ठेवाव्यात. सत्तर किलो वजनाच्या प्रौढाच्या शरीरात रक्तद्रव साधारण ३ लिटर, पेशींबाहेरचा एकूण द्रव साधारण १४ लिटर आणि सर्व मिळून पाणी साधारण ४२ लिटर असते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफॅरिनचा व्हीडी दहा लिटरांच्या आसपास येतो, कारण त्याचे ९९ टक्के रेणू रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून रक्तातच राहतात. जेंटामायसिन हे प्रतिजैविक पाण्यात विरघळते, पण पेशीचे पटल ओलांडू शकत नाही. त्याचा व्हीडी किलोमागे पाव लिटर, म्हणजे सतरा-अठरा लिटर येतो, आणि तो पेशींबाहेरच्या द्रवाशी बऱ्यापैकी जुळतो. अल्कोहोल शरीरातील जवळजवळ सर्व पाण्यात मिसळते. डिगॉक्सिनचा आकडा मात्र किलोमागे सुमारे सात लिटर, म्हणजे एकूण पाचशेच्या जवळ जातो, आणि क्लोरोक्विनचा तर दहा हजार लिटरांच्याही पुढे. पन्नास पिंपे मावतील एवढे पाणी कोणाच्याही अंगात नसते. याचा अर्थ एवढाच की औषधाचा फार मोठा वाटा ऊतींमध्ये आहे आणि रक्तात त्याचा अंश तेवढा उरला आहे.

व्हीडी कळला की पहिला डोस किती द्यायचा ते कळते. हवी असलेली पातळी गुणिले व्हीडी, एवढेच लोडिंग डोसाचे सूत्र आहे. व्हायव्हॅक्स मलेरियासाठी आपल्याकडे क्लोरोक्विन देताना किलोमागे एकूण २५ मिलिग्रॅम औषध तीन दिवसांत संपवतात, आणि त्यातही पहिल्या दोन दिवशी किलोमागे दहा-दहा व तिसऱ्या दिवशी पाच मिलिग्रॅम, असा उतरता क्रम असतो. त्याचे कारण या आकारमानात आहे. ऊती आपला वाटा ओढून घेणारच असतात, तेव्हा तो आधीच पुरवला नाही तर परजीवीला मारण्याइतकी पातळी रक्तात उभी राहायला फार दिवस लागतील आणि आजार तेवढी वाट पाहणार नाही.

दुसरा उपयोग विषबाधेच्या वेळी होतो. डायलिसिसचे यंत्र रक्त धुते, ऊती धुऊ शकत नाही. मानसिक आजारावरील लिथियमचा व्हीडी लहान आहे आणि ते प्रथिनांना चिकटत नाही, म्हणून डायलिसिसने ते चांगले निघते. डिगॉक्सिनसाठी तास न् तास यंत्र चालवले तरी शरीरातील साठ्याला जेमतेम ओरखडा उठतो. तेथे डिगॉक्सिनला पकडणारे प्रतिपिंडांचे तुकडे शिरेतून द्यावे लागतात.

डोस किलोवर काढताना कोणते वजन धरायचे, हा प्रश्नही येथेच सुटतो. जेंटामायसिन चरबीत फारसे जात नाही, त्यामुळे शंभर किलोच्या स्थूल माणसासाठी पूर्ण शंभर किलो धरले तर डोस अवाजवी होतो. डिगॉक्सिन मुख्यतः स्नायूंत बसते, म्हणून उंचीनुसार असावे ते वजन धरणे बरे. नवजात बाळाच्या वजनात पाण्याचा वाटा पाऊणशे टक्क्यांच्या घरात असतो. पाण्यात राहणाऱ्या औषधाला त्याच्या अंगात किलोमागे अधिक जागा मिळते. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग शरीरभर भिनल्यावर, सूज आलेल्या रुग्णाचेही तसेच होते, आणि जेंटामायसिनचा पहिला डोस अशा रुग्णाला नेहमीच्या हिशेबाने दिल्यास कमी पडू शकतो.

प्रथिनांना चिकटण्याच्या मुद्द्यावर थोडे थांबावे लागते, कारण प्रयोगशाळेचा अहवाल येथे सरळ दिशाभूल करतो. फिट्सवरील फेनिटॉइन या औषधाचा ९० टक्के भाग अल्ब्युमिनला चिकटलेला असतो आणि मेंदूवर काम करतो तो मोकळा १० टक्के. अहवालात मात्र दोन्हींची बेरीज छापून येते. कुपोषण, यकृताचा आजार किंवा लघवीतून प्रथिने जाणे यामुळे अल्ब्युमिन उतरलेले असेल, तर बेरीज कमी दिसते, पण मोकळा भाग पुरेसा असतो. अशा वेळी मोजलेल्या आकड्याला (०.२ × अल्ब्युमिन + ०.१) या संख्येने भागावे. अल्ब्युमिन डेसिलिटरला २ ग्रॅम आणि फेनिटॉइन मिलिलिटरला ८ मायक्रोग्रॅम असेल, तर भाजक ०.५ आणि उत्तर १६ येते. १० ते २० या नेहमीच्या पट्ट्यात ते नीट बसते. आठ आकडा पाहून ज्याने डोस वाढवला त्याच्या रुग्णाला काही दिवसांत तोल सांभाळून चालणेही अवघड होऊ शकते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला मात्र हे सूत्र जसेच्या तसे लावू नये. तेथे औषधाची चिकटण्याची क्षमताच बदललेली असते आणि शक्य असेल तर मोकळ्या फेनिटॉइनचीच तपासणी मागवावी.

वितरणाची आणखी एक करामत भूलतज्ज्ञांना रोज दिसते. थायोपेंटोन शिरेतून दिले की अर्ध्या मिनिटात माणूस झोपतो आणि पाच-दहा मिनिटांत जागा होऊ लागतो. पण त्याचे अर्धायुष्य दहा-बारा तासांचे आहे. जाग येते ती औषध शरीराबाहेर गेले म्हणून नव्हे, तर मेंदूतून निघून स्नायूंत जाऊन बसले म्हणून. तोच डोस पुन्हा पुन्हा दिला, तर स्नायू व चरबी भरत जातात, औषधाला जायला जागा उरत नाही आणि झोप लांबत जाते.

मग निचऱ्याकडे वळावे

निचऱ्याचे माप म्हणजे क्लिअरन्स. क्लिअरन्स म्हणजे तासाला किती मिलिग्रॅम औषध बाहेर गेले, अशी समजूत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत वर्षानुवर्षे टिकून आहे. क्लिअरन्स म्हणजे दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव त्या औषधापासून पूर्ण मोकळे झाले, तो आकडा. पातळी दुप्पट झाली की बाहेर जाणारे मिलिग्रॅम दुप्पट होतात. क्लिअरन्स तेवढाच राहतो. म्हणूनच तो उपयोगी आहे. पातळी एका जागी स्थिर ठेवायची असेल, तर जेवढे औषध दिवसभरात बाहेर जाते तेवढेच आत घालायला हवे. म्हणजे मेंटेनन्स डोस (पातळी टिकवणारा रोजचा डोस) बरोबर क्लिअरन्स गुणिले हवी असलेली पातळी. या सूत्रात व्हीडीला जागाच नाही, आणि लोडिंग डोसाच्या सूत्रात क्लिअरन्सला जागा नाही. मूत्रपिंड मंदावलेल्या रुग्णाचा मेंटेनन्स डोस कमी करतात, पण जेंटामायसिनसारख्या औषधाचा पहिला डोस कमी करत नाहीत, ते यामुळेच.

मूत्रपिंडाचे काम मोजणे त्यातल्या त्यात सोपे आहे. तरुण निरोगी माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिनिटाला सुमारे १२० मिलिलिटर रक्तद्रव गाळतात. एखाद्या औषधाचा मोकळा भाग विचारात घेऊनही मूत्रपिंडातील क्लिअरन्स याहून जास्त निघाला, तर मूत्रपिंडातील नलिका ते औषध स्वतःहून लघवीत ढकलत आहेत असे समजावे. पेनिसिलिनचे असे होते, आणि प्रोबेनेसिड या औषधाने ती वाट अडवता येते. कमी निघाला, तर गाळलेले औषध परत शोषले जात आहे. लिथियम हे त्याचे उत्तम उदाहरण. नलिका लिथियमला सोडियमसारखेच वागवतात. शरीरात मीठ-पाणी कमी पडले की सोडियमबरोबर लिथियमही जोराने परत ओढले जाते. विदर्भात वैशाखाच्या उन्हात दिवसभर घाम गाळणारा, जुलाब झालेला किंवा डॉक्टरांना न विचारता सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या घेणारा रुग्ण लिथियमचा डोस जराही न बदलता विषबाधेपर्यंत पोहोचू शकतो. हात थरथरणे, जुलाब, बोलणे जड होणे अशा तक्रारी घेऊन तो आला, तर उष्माघाताच्या बरोबरीने लिथियमची पातळीही पाहायला हवी.

रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचे काम अजमावण्यासाठी कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ साली मांडलेले सूत्र औषधांच्या डोसासाठी आजही वापरात आहे. १४० मधून वय वजा करावे, उरलेल्या संख्येला किलोतील वजनाने गुणावे, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येने भागावे. रुग्ण स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणावे. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, ४८ किलो वजनाच्या एका आजींचा विचार करू. त्यांचे क्रिएटिनिन डेसिलिटरला १.१ मिलिग्रॅम आहे, अहवालात त्या आकड्यापुढे बहुधा कोणतीही खूण नसेल. १४० उणे ७८ म्हणजे ६२. ६२ गुणिले ४८ म्हणजे २९७६. ७२ गुणिले १.१ म्हणजे ७९.२, भागाकार ३७.६, आणि ०.८५ ने गुणल्यावर ३२. मिनिटाला १२० ऐवजी फक्त ३२ मिलिलिटर. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि आजींच्या अंगावर स्नायू उरलेलेच थोडे. निर्मिती कमी आणि निचराही कमी, म्हणून आकडा देखणा दिसतो. 'किडनीचा रिपोर्ट नॉर्मल आहे' हे वाक्य वृद्ध व कृश रुग्णाबद्दल कोणी उच्चारले, तर आधी हा भागाकार करून पाहावा. क्रिएटिनिन रोज बदलत असेल, म्हणजे मूत्रपिंडाला अचानक इजा झालेली असेल, तर मात्र हे सूत्र निरुपयोगी ठरते.

यकृतासाठी क्रिएटिनिनसारखा एकही हुकमी आकडा नाही. बिलिरुबिन आणि एन्झाइमांचे आकडे यकृताला झालेली इजा दाखवतात, औषध मोडण्याची क्षमता दाखवत नाहीत. तेथे औषध कोणत्या गटातले हे विचारावे लागते. यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. प्रोप्रॅनोलॉल, लिग्नोकेन, मॉर्फिन ही औषधे यकृत इतकी झपाट्याने टिपते की निचऱ्याला मर्यादा फक्त रक्तप्रवाहाची उरते. हृदय अशक्त होऊन प्रवाह घटला की त्यांचा निचराही घटतो. अशाच औषधांचा तोंडावाटे घेतलेला मोठा वाटा आतड्यातून यकृतात जाताना पहिल्याच फेरीत नष्ट होतो. छातीत कळ आल्यावर सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात, ती ही फेरी चुकवण्यासाठी आणि औषध लगेच रक्तात उतरावे यासाठी. वॉरफॅरिन आणि फेनिटॉइन यांच्या बाबतीत मात्र रक्तप्रवाहाला फारसे महत्त्व नसते. तेथे यकृतातील एन्झाइमांची संख्या आणि त्यांच्या कामातील अडथळे निर्णायक ठरतात.

आपल्याकडे क्षयरोगाचे उपचार घरोघरी पोहोचलेले असल्यामुळे या एन्झाइमांची दोन उदाहरणे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. रिफॅम्पिसिन हे क्षयाचे औषध घेतल्यावर यकृतात औषध मोडणारी एन्झाइमे वाढतात. एक-दोन आठवड्यांत वॉरफॅरिन अपुरे पडू लागते, गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही. वॉरफॅरिनचा डोस त्यानुसार वाढवलेला असतो, आणि खरा धोका क्षयाचा उपचार संपल्यावर येतो: रिफॅम्पिसिन थांबते, पुढच्या काही आठवड्यांत एन्झाइमे पूर्वपदावर येतात, आणि वाढवलेला डोस तसाच राहिला तर रक्तस्राव होतो. दुसरे उदाहरण आयसोनियाझिड या क्षयाच्याच औषधाचे. ज्या एन्झाइमने ते निष्क्रिय होते, ते काही माणसांत जन्मतःच मंद असते; जलद गटात अर्धायुष्य तासाभराचे, तर मंद गटात सुमारे तीन तासांचे. मंद गटात हातापायांना मुंग्या येण्याचा धोका अधिक, आणि तो टाळण्यासाठी पिरिडॉक्सिनची (बी-६ जीवनसत्त्वाची) गोळी जोडीला देतात.

अर्धायुष्य कसे काढावे आणि कशासाठी वापरावे

०.६९३ गुणिले व्हीडी, भागिले क्लिअरन्स. सूत्र एवढेच. त्यातून दिसते की अर्धायुष्य वाढण्यास दोन निराळी कारणे असू शकतात. निचरा मंदावला तर ते वाढते. औषध अधिक दूरवर पसरू लागले तरीही वाढते, आणि त्या दुसऱ्या प्रसंगी मेंटेनन्स डोस कमी करण्याचे काहीच कारण नसते. अर्धायुष्याचे खरे काम वाट किती पाहायची ते सांगणे हे आहे. तोच डोस ठरल्या वेळी देत राहिले, तर एका अर्धायुष्यानंतर अंतिम पातळीच्या ५० टक्के, दोनांनंतर ७५, तिनांनंतर ८७.५, चारांनंतर सुमारे ९४ आणि पाचांनंतर ९७ टक्के पातळी गाठली जाते. औषध बंद केल्यावर उतरणही याच गतीने होते.

आजींचे डिगॉक्सिन

आजींना हृदय अशक्त असण्याबरोबर एट्रियल फिब्रिलेशनही (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार) आहे आणि डॉक्टरांनी डिगॉक्सिन सुरू करायचे ठरवले आहे, असे धरू. हृदय अशक्त असलेल्या रुग्णांत हल्ली मिलिलिटरला ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम ही पातळी पुरेशी मानतात, आपण ०.८ धरू. मिलिलिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे लिटरला एक मायक्रोग्रॅम, त्यामुळे आकडा बदलत नाही. गोळी तोंडाने घेतल्यावर सुमारे ७० टक्के औषध रक्तात पोहोचते.

प्रथम क्लिअरन्स. हृदय अशक्त असलेल्या रुग्णासाठी डिगॉक्सिनचा क्लिअरन्स ढोबळमानाने ०.३३ गुणिले वजन अधिक ०.९ गुणिले क्रिएटिनिन क्लिअरन्स असा धरतात. पहिला भाग मूत्रपिंडाबाहेरच्या वाटांचा, दुसरा मूत्रपिंडाचा. ०.३३ गुणिले ४८ म्हणजे सुमारे १६, ०.९ गुणिले ३२ म्हणजे सुमारे २९; बेरीज मिनिटाला ४५ मिलिलिटर. त्याला १.४४ ने गुणले की दिवसाचे लिटर मिळतात: सुमारे ६५.

त्यानंतर व्हीडी. मूत्रपिंडाचे काम घटले की डिगॉक्सिनची ऊतींवरील पकडही सैल होते, म्हणून येथे किलोमागे सात लिटर धरून चालत नाही. ३.८ गुणिले वजन अधिक ३.१ गुणिले क्रिएटिनिन क्लिअरन्स असा अंदाज घेतात. १८२ अधिक ९९, म्हणजे सुमारे २८० लिटर.

अर्धायुष्य: ०.६९३ गुणिले २८० भागिले ६५, म्हणजे जवळजवळ ३ दिवस. पुस्तकातला दीड दिवस येथे दुप्पट झाला.

लोडिंग डोस: २८० गुणिले ०.८ म्हणजे २२४ मायक्रोग्रॅम, ०.७ ने भागल्यावर ३२०. नाडीचा वेग लवकर आवरायचा असेल तर एवढा साठा भरावा लागतो, आणि तोही एकदम न देता सहा-सहा तासांच्या अंतराने, प्रत्येक वेळी नाडी पाहून. घाई नसेल तर लोडिंग डोस टाळलेलाच बरा.

मेंटेनन्स डोस: ६५ गुणिले ०.८ म्हणजे दिवसाला ५२ मायक्रोग्रॅम, ०.७ ने भागल्यावर ७४. आता दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या गोळीत २५० मायक्रोग्रॅम असतात, आणि ७४ चा तुकडा कोणालाच पाडता येत नाही. रोज अर्धी गोळी दिली तर १२५ गुणिले ०.७ भागिले ६५, म्हणजे १.३५ पातळी येईल; जास्त आहे. अर्धी गोळी आठवड्यातून पाच दिवस दिली तर सरासरी ०.९६, चार दिवस दिली तर ०.७७. 'शनिवार-रविवार सुट्टी' ही डिगॉक्सिनच्या चिठ्ठ्यांवर दिसणारी सूचना अनेकांना अंधश्रद्धा वाटते. अर्धायुष्य तीन दिवसांचे असताना दोन दिवसांच्या सुट्टीने पातळी काही शून्यावर जात नाही, आणि गोळीचे आणखी बारीक तुकडे न करता सरासरी खाली आणण्याचा तो एक सोयीचा मार्ग आहे. मात्र पूर्ण गोळी पाच दिवस, हा साचेबंद डोस या आजींना दिला असता, तर पातळी १.९ च्या पुढे गेली असती.

आता समजा, लोडिंग डोस न देता रोज अर्धी गोळी सुरू झाली आणि तिसऱ्या दिवसानंतर कोणी रक्त तपासले. एक अर्धायुष्य झालेले असल्यामुळे १.३५ च्या निम्मी, म्हणजे ०.६७ पातळी येईल. अगदी हवी तशी. सर्वजण निश्चिंत होतील, आजी घरी जातील, आणि दोन आठवड्यांनी भूक गेली, मळमळते, डोळ्यांपुढे पिवळट दिसते, अशी तक्रार घेऊन परत येतील. या आजींसाठी पहिली विश्वासार्ह तपासणी बारा ते पंधरा दिवसांनीच होऊ शकते. डिगॉक्सिन ज्या वनस्पतीकुळातून आले त्या फॉक्सग्लव्हचा उपयोग विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्याजवळ ना व्हीडी होता ना क्लिअरन्स. तरी मूत्रपिंड, जठर, नाडी किंवा आतडे यांपैकी कशावरही परिणाम दिसताच औषध थांबवावे, हा नियम त्यांनी तेव्हाच घालून दिला होता.

जेथे सरळ गुणाकार चालत नाही

आतापर्यंतचे सर्व गणित एका गृहीतकावर उभे आहे: डोस दुप्पट केला तर पातळीही दुप्पट होईल. अल्कोहोल, जास्त मात्रेतील अ‍ॅस्पिरिन आणि फेनिटॉइन हे गृहीतक मोडतात, कारण वापरात येणाऱ्या मात्रेतच त्यांची एन्झाइमे भरून जातात. टोलनाक्यावर सगळ्या खिडक्या चालू असतानाही गाड्या वाढतच राहिल्या की रांग ज्या रीतीने फुगते, तसे हे असते. येथे क्लिअरन्सऐवजी दोन आकडे लागतात: यंत्रणा पूर्ण जोराने चालली तर दिवसाला किती औषध मोडेल तो कमाल आकडा, आणि ज्या पातळीला ती निम्म्या जोराने चालते ती पातळी. एखाद्या प्रौढाचा कमाल आकडा ५०० मिलिग्रॅम आणि निम्म्या जोराची पातळी ५ धरू. पातळी काढण्यासाठी ५ गुणिले डोस, भागिले (५०० उणे डोस). डोस ३०० असताना पातळी ७.५ येते, ३५० ला ११.७, ४०० ला २०, आणि ४५० ला थेट ४५. तीनशेवर झटके थांबले नाहीत म्हणून पन्नासने वाढवले, ते योग्यच झाले. त्याच हिशेबाने आणखी पन्नास वाढवले तेव्हा पातळी पट्ट्याच्या टोकाला गेली. आणि त्यापुढचे पन्नास विषबाधेचे ठरले. म्हणूनच फेनिटॉइन तीनशेच्या पुढे गेल्यावर २५-३० मिलिग्रॅमच्या टप्प्याने वाढवतात. अशा औषधाला ठराविक अर्धायुष्यही नसते. पातळी जितकी चढलेली, तितके ते लांबते. चढलेल्या पातळीवरून उतरायला किती दिवस लागतील, हे पुस्तकातला आकडा पाहून नातेवाइकांना सांगू नये.

रक्त केव्हा आणि कसे काढावे

एवढे गणित करून चुकीच्या वेळी रक्त काढले, तर सारी मेहनत वाया जाते. डिगॉक्सिनची गोळी घेतल्यावर रक्तातील पातळी आधी झपाट्याने चढते आणि ऊतींनी आपला वाटा ओढून घ्यायला सहा ते आठ तास लागतात. तोवर काढलेले रक्त म्हणजे बटाट्यात मीठ मुरण्याआधी चाखलेला रस्सा. म्हणून शेवटच्या गोळीनंतर किमान सहा तास जाऊ द्यावेत, आणि सर्वात सोयीचे म्हणजे सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यावे. लिथियमसाठी रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त काढण्याची पद्धत आहे. फेनिटॉइनसाठी पुढच्या डोसाच्या अगोदर.

प्रयोगशाळेच्या फॉर्मवर औषधाच्या नावाबरोबर शेवटचा डोस किती वाजता घेतला, रक्त किती वाजता काढले, हाच डोस किती दिवसांपासून चालू आहे, आणि वजन व क्रिएटिनिन किती, हे पाच तपशील हाताने लिहावेत, मग फॉर्मवर त्यासाठी रकाना असो वा नसो. गोळी चुकली असेल तर तेही रुग्णाला न रागावता विचारून लिहून घ्यावे, कारण आठवड्यात दोन गोळ्या विसरलेल्या माणसाचा कमी आलेला आकडा डोस वाढवण्याचे कारण ठरत नाही. शिरेतून औषध चालू असेल तर रक्त दुसऱ्या हातातून घ्यावे; त्याच नळीतून घेतलेल्या नमुन्यात नळीला चिकटून राहिलेले औषध मिसळते आणि अहवालात पातळी भलतीच चढलेली दिसते.